शामोनी १९२४ : नॉर्वेची पदकं १७ की १८?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी,

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या कपाटातल्या वह्या मी आणि भाचा मिळून संगणकावर उतरवतोय. बाबा साताऱ्याला बँकेत होते. घरात क्रिकेट सगळेच बघायचे, पण बाबांना वेड होतं ऑलिंपिकच्या आकड्यांचं. बँकेतली जुनी लांब खतावणी असते ना, लाल रेघांची, तशी एक कोरी त्यांना मिळाली होती. तीत १८९६ च्या अथेन्सपासून प्रत्येक ऑलिंपिकला एक पान. निळी शाई, पट्टीने आखलेले रकाने आणि खाली बेरजेला दुहेरी रेघ. हिवाळी ऑलिंपिकची पानं त्यांनी वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी ग्रंथावरून १९७२ साली लिहिली. कोपऱ्यात तारीख घातली आहे.

पहिलं पान शामोनीचं, फ्रान्स, २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४. सुवर्ण, रौप्य, कांस्य या क्रमाने बाबांचा तक्ता असा :

नॉर्वे ४-७-७
फिनलंड ४-३-३
ऑस्ट्रिया २-१-०
अमेरिका १-२-०
स्वित्झर्लंड १-०-१
कॅनडा १-०-०
स्वीडन १-०-०
ब्रिटन ०-१-२
बेल्जियम ०-०-१
फ्रान्स ०-०-१

भाच्याने हे आंतरजालावर ताडून पाहिलं तर निम्मा तक्ता जुळत नाही. तिथे नॉर्वे ४-७-६, फिनलंड ४-४-३, स्वित्झर्लंड २-०-१, अमेरिका १-२-१, ब्रिटन १-१-२, स्वीडन १-१-० आणि फ्रान्स ०-०-३. फक्त ऑस्ट्रिया, कॅनडा आणि बेल्जियम जसेच्या तसे. भाचा म्हणाला, आजोबांचं उतरवताना चुकलं असणार.

एका पैशाचा फरक लागला तरी रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बँकेत थांबणारा माणूस. दहापैकी सात ओळी तो चुकीच्या लिहील, हे मला पटत नाही. इथे खेळांचा इतिहास जाणणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते. हा फरक कुठून आला?

टकमक

ताई, तुमच्या बाबांचं काही चुकलेलं नाही. १९७२ साली तक्ता तसाच होता, नंतर बदलला. एक बदल १९७४ चा आणि एक २००६ चा. कामावर आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर आपले ऑस्लोकर आले तर १९७४ ची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐका.

आकडेमोड

मी आधी बेरीज करून बघितली. बाबांच्या तक्त्यात सुवर्ण १४, रौप्य १४, कांस्य १५. आताच्या तक्त्यात सुवर्ण १६, रौप्य १६, कांस्य १७. म्हणजे मधल्या काळात दोन स्पर्धा वाढल्या हे उघड आहे. पण दोन्हीकडे कांस्य एकाने जास्त का?

टकमक

जेवणाच्या सुट्टीत एवढं सांगून टाकतो. ५०० मीटर स्पीड स्केटिंगमध्ये तिसऱ्या जागेवर दोघे होते, नॉर्वेचा रोआल्ड लार्सन आणि फिनलंडचा क्लास टुनबर्ग. दोघांची वेळ ४४.८ सेकंद. घड्याळ एक पंचमांश सेकंदाचं, त्याहून बारीक मोजायची सोय नव्हती, त्यामुळे दोघांनाही कांस्य दिलं.

हीच शामोनीतली पहिली पदकस्पर्धा, २६ जानेवारीची. जिंकला अमेरिकेचा चार्ल्स ज्यूट्रॉ, लेक प्लॅसिड गावचा, ४४.० सेकंदांत. हिवाळी ऑलिंपिकमधलं हे पहिलं सुवर्णपदक आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ज्यूट्रॉला दीर्घायुष्य लाभलं. तो ९५ व्या वर्षी वारला, १९९६ साली, आणि तारीख तीच, २६ जानेवारी.

ऑस्लोकर

आलो. ही गोष्ट मला फार जवळची आहे, त्यामुळे जरा लांबेल.

मी ऑस्लोच्या पश्चिमेला राहतो, इथून ड्रामेन जवळ आहे. ड्रामेनमध्ये टूरलाइफ हाउगचा पुतळा आहे, १९४६ साली उभारलेला. शेजारच्या लियर भागातला हा माणूस शामोनीचा खरा नायक. १८ किलोमीटर स्कीइंगचं सुवर्ण त्याचं. ५० किलोमीटरचं सुवर्ण त्याचं, वेळ ३ तास ४४ मिनिटं ३२ सेकंद, आणि पहिले चारही नॉर्वेचेच. नॉर्डिक कम्बाइन्ड, म्हणजे स्कीइंग आणि उडी मिळून एक स्पर्धा, तिचंही सुवर्ण त्याचं. त्यातही पहिले चार नॉर्वेचे. शिवाय स्की जम्पिंगमध्ये कांस्य. बाबांच्या तक्त्यातलं नॉर्वेचं सातवं कांस्य ते हेच.

स्की जम्पिंग झालं ४ फेब्रुवारीला. दुसऱ्या दिवशी समारोप. स्की जम्पिंगमध्ये नुसती लांबी मोजत नाहीत. उडी किती लांब गेली याचे गुण असतात, आणि हवेत शरीर कसं राहिलं, उतरताना तोल कसा सांभाळला याचे पंचांचे गुण वेगळे. सगळं मिळून मग सरासरी काढायची. तेव्हा हे सगळं कागदावर, हाताने. जाहीर झालेला निकाल असा होता : यॅकोब टुलिन टाम्स १८.९६०, नार्वे बोना १८.६८९, टूरलाइफ हाउग १८.०००. तिघेही नॉर्वेचे. चौथा अमेरिकेचा अँडर्स हाउगेन, १७.९१६.

हाउग आणि हाउगेन. नावं इतकी जवळची, कारण हाउगेनही जन्माने नॉर्वेचाच, टेलमार्कमधल्या बो गावचा. तरुणपणी अमेरिकेला गेला आणि तिथल्या संघाकडून उतरला. त्या दिवशीची सगळ्यांत लांब उडी त्याची होती, पूर्ण ५० मीटर. शैलीत त्याला गुण कमी पडले. ०.०८४ ने पदक हुकलं आणि तो घरी परतला.

पन्नास वर्षं गेली. १९७४ साली इथे १९२४ च्या नॉर्वेजियन संघातले हयात खेळाडू पन्नाशीच्या निमित्ताने एकत्र जमले. त्यांत टूराल्फ स्ट्रॉमस्टाड होता, शामोनीत ५० किलोमीटरचं आणि कम्बाइन्डचं अशी दोन रौप्यं मिळवलेला. जुने निकाल चाळताना त्याला हाउगच्या गुणांत काहीतरी खटकलं. त्याने ते क्रीडा इतिहासकार याकोब वोगे यांच्या कानावर घातलं. वोगे यांनी मूळ आकडे घेऊन गणित पुन्हा मांडलं. हाउगचे गुण १८.००० नव्हतेच, १७.८२१ होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ते मान्य केलं.

हाउग तेव्हा हयात नव्हता. १९३४ साली न्यूमोनियाने गेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. १२ सप्टेंबर १९७४ ला ऑस्लोत एक छोटा समारंभ झाला. हाउगेन अमेरिकेहून आला होता, वय ८५. त्याच्या हातात ते कांस्यपदक दिलं हाउगच्या मुलीने.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुढचं वाचूच शकलो नाही. चूक शोधली नॉर्वेच्या माणसाने, तपासली नॉर्वेच्या माणसाने, आणि पदक परत केलं खुद्द त्याच्या लेकीने. कुणी मागायला आलं नव्हतं.

शेवंती

ऑस्लोकर, अंगावर काटा आला. वडिलांच्या आठवणीतली वस्तू स्वतःच्या हाताने देणं सोपं नसतं हो.

आकडेमोड

मग नॉर्वेचं गणित लागलं : ४-७-७ मधलं एक कांस्य वजा, ४-७-६. अमेरिका १-२-० ची १-२-१. गुणांकडेही बघा. हाउगेन आधी ०.०८४ ने मागे होता, दुरुस्तीनंतर ०.०९५ ने पुढे गेला. फरक इतका बारीक असताना तेव्हा कुणीतरी दुसऱ्यांदा बेरीज करायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. बँकेत एकाने केलेली बेरीज दुसरा तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही.

राहिले बाकीचे. फिनलंडला एक रौप्य वाढलं, स्वित्झर्लंडला एक सुवर्ण, ब्रिटनला एक सुवर्ण, स्वीडनला एक रौप्य, फ्रान्सला दोन कांस्यं. म्हणजे दोन पूर्ण स्पर्धांची सहा पदकं. त्या दोन कोणत्या?

टकमक

कर्लिंग आणि मिलिटरी पेट्रोल. आता निवांत बसलोय, लिहितो.

मिलिटरी पेट्रोल म्हणजे चौघा सैनिकांचा संघ, पाठीवर रायफल, स्कीवरून लांबचा पल्ला आणि मध्ये नेमबाजी. आजच्या बायथलॉनचं मूळ रूप. शामोनीत सहा संघ निघाले, हवामान वाईट होतं, इटली आणि पोलंडने वाटेतच सोडून दिलं. स्वित्झर्लंड पहिलं, फिनलंड दुसरं, फ्रान्स तिसरं. पुढे १९२८, १९३६ आणि १९४८ ला हा प्रकार फक्त प्रदर्शनी, म्हणजे अधिकृत पदकांत न मोजलेला, म्हणून झाला, त्यामुळे बऱ्याच जुन्या पुस्तकांनी १९२४ चाही प्रदर्शनीच धरला आणि तक्त्यातून गाळला. ताईंच्या बाबांनी जो ग्रंथ वापरला तो त्याच पठडीतला असणार.

कर्लिंगचंही तेच. बर्फावर ग्रॅनाइटचा जड गोटा सरकवायचा, पुढे दोघांनी झाडूने बर्फ घासत त्याची वाट करून द्यायची. शामोनीत तीनच संघ होते. ब्रिटनच्या नावाने उतरलेले सगळे स्कॉटलंडचे. ते जिंकले, स्वीडन दुसरं, फ्रान्स तिसरं. पुढे १९३२ ला कर्लिंग प्रदर्शनी म्हणून झालं आणि लोकांनी १९२४ लाही तोच शिक्का मारला. पदकांचा खेळ म्हणून कर्लिंग परत आलं थेट १९९८ ला, नागानोत.

पण फ्रेंच समितीच्या १९२४ च्या अधिकृत अहवालात कर्लिंग इतर खेळांच्या बरोबरीनेच आहे. ग्लासगोच्या ‘द हेरल्ड’ वर्तमानपत्राने खेळाडूंच्या कुटुंबीयांसाठी हा विषय लावून धरला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये, तुरिन ऑलिंपिकच्या तोंडावर, आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केलं की ती पदकं पूर्ण ऑलिंपिक पदकं आहेत. त्या स्कॉटिश संघात रॉबिन वेल्श म्हणून एक खेळाडू होता, वय ५४. ८२ वर्षांनी त्याच्या नावावर सुवर्ण लागलं.

घाटवाट

चर्चा छान चालली आहे, पण मला एक गोष्ट खुपते. निकाल म्हणजे त्या दिवशी, त्या मैदानावर जाहीर झालेला निकाल. पंचांनी १८.००० लिहिलं, कुणी हरकत घेतली नाही, पदक दिलं गेलं. पन्नास वर्षांनी कागद उकरून एका मेलेल्या माणसाचं पदक काढून घ्यायचं? हाउगला स्वतःची बाजू मांडता आली नाही. त्याची काहीच चूक नव्हती.

ऑस्लोकर

घाटवाट, तुमची तगमग समजते, पण मला ते पटत नाही. पंचाने शैलीला कमी गुण दिले, तर तो पंचाचा निर्णय, तो मान्य करायचा. इथे निर्णय कुणीच बदलला नाही. पंचांनी दिलेले गुण जसेच्या तसे ठेवले, फक्त त्यांचं गणित नीट केलं.

आणि हाउगचं इथलं मोठेपण त्याने रेसभरही कमी झालं नाही. होल्मेनकोलेनची ५० किलोमीटरची शर्यत तो सहा वेळा जिंकला. इथल्या लोकांना तो तीन सुवर्णांचा हाउग म्हणूनच ठाऊक आहे.

घाटवाट

गणित आणि निर्णय हा भेद मी केला नव्हता. तेवढं मान्य. पण मग कर्लिंगचं काय? तिथे तर गणिताचा प्रश्नच नव्हता. खेळ मोजायचा की नाही, हा निर्णयच होता आणि तो ८२ वर्षांनी घेतला.

शेवंती

घाटवाट, त्या हिशोबाने अख्खं शामोनीच नंतर मोजलं गेलंय! तिथे जे झालं त्याला त्या वेळी हिवाळी ऑलिंपिक म्हणतच नव्हते. नाव होतं ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’.

ते पदक कसं दिसतं, छायाचित्र मिळालं तर जरूर बघा. पुढच्या बाजूला एक खेळाडू हात पसरून उभा आहे, एका हातात स्केट्स, दुसऱ्यात स्की, मागे आल्प्सची शिखरं. मागच्या बाजूला नुसती अक्षरं, ओळीखाली ओळ, फ्रेंचमध्ये : शामोनी मों-ब्लां, हिवाळी खेळ, २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४, फ्रेंच ऑलिंपिक समितीने भरवलेले, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या आश्रयाखाली, आठव्या ऑलिंपियाडच्या निमित्ताने. हिवाळी ऑलिंपिक हे शब्द कुठेही नाहीत.

याचं कारण स्वीडन आणि नॉर्वे. त्यांचे नॉर्डिक खेळ स्टॉकहोमला १९०१ पासून सुरू होते, व्हिक्टर बाल्क यांच्या पुढाकाराने. बर्फाचे खेळ ही आपली गोष्ट, ऑलिंपिकने त्यात पडू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून मधला मार्ग निघाला : सप्ताह भरवा, आश्रय देऊ, नाव नको. आणि त्या सप्ताहात भरभरून जिंकले तेच नॉर्वे आणि फिनलंड. विरोध मावळला. १९२५ मध्ये प्रागला हिवाळी ऑलिंपिक वेगळं भरवायचं ठरलं आणि १९२६ मध्ये लिस्बनच्या बैठकीत शामोनीला मागाहून पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा मान मिळाला.

बर्फावरचे खेळ त्याआधीही ऑलिंपिकमध्ये होते. १९०८ च्या लंडनला फिगर स्केटिंग झालं. १९२० च्या अँटवर्पला एप्रिलमध्ये फिगर स्केटिंग आणि आइस हॉकी झाली. हे तेच अँटवर्प, जिथे ऑगस्टमध्ये आपला संघ उतरला होता, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि दोराबजी टाटांच्या प्रयत्नांतून. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. स्वीडनचा गिलिस ग्राफस्ट्रोम अँटवर्पला सुवर्ण जिंकून शामोनीला आला, तिथेही जिंकला आणि १९२८ लाही.

पाऊलखुणा

बापरे, किती माहिती! ऑस्लोकर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या मुलीचं खरं धाडस.

अँटवर्पच्या पानावर बाबांनी चौगुल्यांचं नाव लाल शाईने लिहिलंय. अख्ख्या पानावर तेवढंच लाल.

मृगजळ

स्पीड स्केटिंगबद्दल अजून कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून भर घालते. टुनबर्गने पाच शर्यतींत पाच पदकं घेतली. १५०० मीटर, ५००० मीटर आणि सर्वांगीण गुणतालिकेची सुवर्णं, १०,००० चं रौप्य, ५०० चं ते वाटून घेतलेलं कांस्य. सर्वांगीण म्हणजे चारही अंतरांचा निकाल एकत्र करून दिलेलं पदक. ऑलिंपिकमध्ये ते नंतर कधीच झालं नाही. १०,००० मीटर जिंकला त्याचाच देशबंधू यूलियस स्कुटनाब. आणि बिचाऱ्या लार्सनची सुद्धा पदकं पाचच, पण दोन रौप्य, तीन कांस्य. सुवर्ण एकही नाही. माझा जीव त्याच्यावर जडला आहे.

महिला एकूण अकरा, आणि त्यांना फक्त फिगर स्केटिंग खुलं. एकेरीत ऑस्ट्रियाची हेर्मा प्लांक-साबो जिंकली. आठ जणींत आठवी आली अकरा वर्षांची सोन्या हेनी, नॉर्वेची. ती पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी ओळीने तीन सुवर्णं जिंकली.

घाटवाट

हॉकीचे आकडे बघून थक्क झालो. कॅनडा म्हणजे टोरोंटोचा ग्रॅनाइट्स हा क्लब. चेकोस्लोव्हाकियावर ३०-०, स्वीडनवर २२-०, स्वित्झर्लंडवर ३३-०, ब्रिटनवर १९-२, आणि शेवटी अमेरिकेवर ६-१. केलेले गोल ११०, खाल्लेले ३. हा एकतर्फीपणा बघवत नाही, पण एवढ्या कामगिरीचं तक्त्यात एकच पदक, कॅनडा १-०-०.

पाषाणवाली

मी इथे सहसा फक्त वाचते, पण हा धागा बघून राहवलं नाही. शामोनीत एक पदक असं दिलं गेलं की ते ना बाबांच्या तक्त्यात आहे ना आताच्या. आणि त्याचा धागा आमच्या पुण्यापर्यंत येतो.

समारोपाला आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिअर द कुबर्तां यांनी गिर्यारोहणाचा पुरस्कार दिला. मान होता १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचा. मोहिमेचे उपनेते लेफ्टनंट कर्नल एडवर्ड स्ट्रट यांनी तो स्वीकारला, आणि यातलं एक पदक एव्हरेस्टच्या शिखरावर नेऊ असं वचन दिलं. मोहीम शिखराला पोचली नव्हती. ७ जून १९२२ ला तिसऱ्या प्रयत्नात हिमकडा कोसळला आणि सात भारवाहक गेले. ऑलिंपिकच्या नोंदीत या पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्या सात जणांची नावंही आहेत, आणि गुरखा पलटणीतल्या तेजबीर बुराचंही. म्हणजे आपल्या बाजूची माणसं त्या यादीत आहेत, पण पदकांचा तक्ता मांडताना ती कुणालाच आठवत नाहीत.

आता पुण्याचं सांगते. त्या मोहिमेत जॉर्ज फिंच होते. बाटलीतला ऑक्सिजन वापरून चढायचं, हा आग्रह त्यांचा. अनेकांना ती लबाडी वाटायची. फिंच रसायनशास्त्रज्ञ, त्यांनी शांतपणे उपकरणं तपासली. पिसं भरलेला, फुग्याच्या कापडाचा कोट स्वतःसाठी शिवून घेतला. २७ मे १९२२ ला ते आणि जेफ्री ब्रूस सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोचले. तोवर एवढ्या उंचीवर माणूस गेल्याची नोंद नव्हती. तेजबीर बुरा त्याच चढाईत त्यांच्याबरोबर निघाला होता, त्याला वाटेतून परतावं लागलं.

हेच फिंच १९५२ ते १९५७ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. आमच्या एनसीएलचे! मी पाषाण रोडवर राहते, त्या फाटकासमोरून रोज दोनदा जाते. शामोनीच्या पुरस्कारातला एक मानकरी पाच वर्षं इथे कामाला होता, हे कळल्यापासून ती इमारत मला वेगळीच दिसते. ते इथे असताना, १९५३ साली, एव्हरेस्ट सर झालं. तेनसिंग आणि हिलरी ऑक्सिजन घेऊनच चढले होते.

टकमक

पाषाणवाली, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं! स्ट्रट यांच्या वचनाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. त्याच वर्षी, ८ जून १९२४ ला, १९२२ च्या मोहिमेतलाच गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी पुढच्या मोहिमेत एव्हरेस्टवर नाहीसा झाला. शामोनीच्या समारोपाला जेमतेम चार महिने झाले होते. वचन राहून गेलं. मग २०१२ च्या मे महिन्यात केंटन कूल या ब्रिटिश गिर्यारोहकाने १९२२ च्या मोहिमेतले डॉक्टर आर्थर वेकफिल्ड यांचं पदक शिखरावर नेलं. ८८ वर्षांनी.

आकडेमोड

मंडळी, मग माझा प्रस्ताव ऐका. पदकांचा तक्ता लिहायचा तर खाली ‘गिर्यारोहण पुरस्कार, १९२२ एव्हरेस्ट मोहीम’ अशी एक वेगळी ओळ हवी. देशांच्या रकान्यात नको. ती माणसं कुठल्याच एका देशाची नव्हती.

घाटवाट

याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि कर्लिंगबाबतही माझं मत बदललं. १९२४ च्या मूळ अहवालात ते बरोबरीने होतं, मधल्या पुस्तकांनी गाळलं. म्हणजे २००६ ला नवीन काही दिलं नाही, गाळलेलं परत लिहिलं.

शेवंती

ताई, वहीतला तक्ता खोडू नका हं. १९७२ साली जगाला जेवढं माहीत होतं ते त्यात आहे.

पाऊलखुणा

शेवंती, खोडणार नाही. काल रात्री भाचा आणि मी बसलो. तो म्हणाला, आजोबा चुकले असं म्हणालो, ते मागे घेतो. मग आम्ही एक कोरी चिठ्ठी घेतली, त्यावर तीन नोंदी केल्या : १९७४ हाउगेन, २००६ कर्लिंग, आणि मिलिटरी पेट्रोल. चौथी ओळ आकडेमोड यांनी सुचवलेली, एव्हरेस्टची. ती भाच्याने लाल शाईने लिहिली, मी सांगितलं नव्हतं. चिठ्ठी पानाला टाचणीने लावली आहे.

ते करताना आणखी एक दिसलं, आधी नजरेतून सुटलं होतं. कांस्यच्या रकान्याच्या बेरजेशेजारी, १५ च्या बाजूला, अगदी बारीक पेन्सिलीत लिहिलंय : ‘५०० मी. - दोघे’. म्हणजे बाबांनाही बेरीज एकाने जास्त आलेली खटकली होती, आणि ती का आली ते शोधूनच त्यांनी खाली दुहेरी रेघ मारली होती.

पुढचं पान सेंट मॉरिट्झ १९२८ चं आहे. तिथे १०,००० मीटर स्केटिंगच्या ओळीत तिन्ही रकाने रिकामे आणि आडवं लिहिलंय : ‘रद्द. बर्फ वितळला.’ त्याचा धागा उद्या काढते. टकमक, ऑस्लोकर, तुम्ही या हं.